जालवाहतुकीची मार्कोव प्रतिमाने

जालवाहतुकीची मार्कोव प्रतिमाने ही दूरध्वनी व संगणक जाळ्यांतील वाहतुकीचे वर्णन करणारी, संभाव्यतेवर आधारलेली गणिती प्रतिमाने होत. ज्या प्रक्रियेची पुढील अवस्था केवळ सद्य अवस्थेवर अवलंबून असते, त्याआधीच्या इतिहासावर नव्हे, तिला मार्कोव प्रक्रिया म्हणतात. रशियन गणितज्ञ आंद्रेई मार्कोव (१८५६–१९२२) यांनी १९०६ मध्ये ही कल्पना मांडली. १९१३ मध्ये त्यांनी ती पुश्किनच्या 'येवगेनी ओनेगिन'मधील २०,००० अक्षरांच्या स्वर-व्यंजनक्रमाला लावून पाहिली. दूरध्वनीशी तिचा तेव्हा काही संबंध नव्हता.

दूरध्वनी आणि रांग

कोपनहेगन टेलिफोन कंपनीतील गणितज्ञ आग्नर क्रारुप एर्लांग यांनी १९०९ मध्ये दाखवले, की यदृच्छेने येणाऱ्या कॉलांची संख्या पॉयसाँ वितरणाला अनुसरते. अशा प्रवाहात मागील कॉल येऊन किती वेळ झाला, यावर पुढील कॉलची शक्यता ठरत नाही. संभाषणाचा कालावधीही असाच स्मृतिहीन, म्हणजे घातांकी मानला, तर 'किती वाहिन्या व्यस्त आहेत' एवढी एकच संख्या लक्षात ठेवणे पुरते. गणित सुटते ते यामुळेच.

राऊटरपुढील पॅकेटांच्या रांगेलाही हाच विचार लागू करतात. मार्ग एकच असेल, तर रांगेतील व प्रेषणातील पॅकेटांची एकत्रित सरासरी संख्या भार ÷ (१ − भार) इतकी येते. भार ५०% असता ती १, ८०% असता ४, ९०% असता ९ आणि ९५% असता १९ होते. भार ९० वरून ९५ टक्क्यांवर जाताच रांग दुपटीहून अधिक वाढते. मार्ग काठोकाठ भरून का वापरत नाहीत, हे यावरून कळते.

बोलणाऱ्याच्या आवाजाची पॅकेटे सलग येत नाहीत. बोलणे व शांतता आलटून पालटून येतात. त्यासाठी 'चालू' व 'बंद' अशा दोन अवस्थांची साखळी वापरतात. सरासरी ०.४ सेकंद बोलणे व ०.६ सेकंद शांतता धरल्यास स्रोत ४०% वेळ चालू राहतो.

मर्यादा

बेलकोर प्रयोगशाळेतील इथरनेट वाहतुकीच्या मोजणीवर आधारित लेलँड, ताक्कू, विलिंगर व विल्सन यांचा १९९४ चा शोधनिबंध या क्षेत्राला कलाटणी देणारा ठरला. पॉयसाँ प्रवाह दीर्घ कालखंडांवर पाहिल्यास सपाट होत जातो. प्रत्यक्ष वाहतूक मात्र सेकंदांवर पाहा वा मिनिटांवर, तशीच उसळती दिसली. या गुणधर्माला स्वयंसदृशता म्हणतात. थोड्या पण अतिप्रचंड फायलींमुळे काही स्रोत फार काळ चालू राहतात, हे त्याचे एक मुख्य कारण. परिणामी साध्या मार्कोव प्रतिमानावर बेतलेला बफर अपुरा पडून पॅकेटे गमावली जातात.

तथापि पॅक्सन व फ्लॉइड यांच्या १९९५ च्या अभ्यासात वापरकर्त्यांनी सुरू केलेली टेलनेट सत्रे पॉयसाँ प्रवाहाशी जुळली. न जुळणारी होती ती पॅकेटे. शिवाय बफर मर्यादित असतो आणि तो रिकामा झाला की आधीच्या गर्दीचा प्रभाव संपतो. म्हणून अनेक अवस्थांच्या मार्कोव साखळ्या ठरावीक कालमर्यादेपर्यंत या उसळीचे पुरेसे अनुकरण करू शकतात आणि जाळ्यांच्या आखणीत आजही वापरल्या जातात.