सगळीकडे पोचणं म्हणजे केऑस नव्हे

डायनॅमिकल सिस्टिम्स शिकायला लागलं की एक वाक्य पटकन जिभेवर बसतं: "ट्रान्झिटिव्ह आहे, म्हणजे केऑटिक आहे." मीही पहिल्या सेमिनारमध्ये हेच ठोकून दिलं होतं. समोरून "आणि वर्तुळावरचं रोटेशन?" एवढाच प्रश्न आला, आणि मी नुसता हातातला खडू बघत राहिलो.

महाडचं चवदार तळं डोळ्यासमोर आणा. सोयीसाठी ते गोल आणि काठाची फेरी १ किलोमीटर धरू (खरं तसं नाही, महाडकरांनी रागावू नये). दर पायरीला फेरीच्या १/√२ पट, म्हणजे अपरिमेय भागाइतकं, पुढे सरकायचं. काठाचे कुठलेही दोन तुकडे घ्या, कितीही लहान. पहिल्यातून निघालेलं कोणीतरी कधी ना कधी दुसऱ्यात पोचतंच. हीच ट्रान्झिटिव्हिटी. पण १ सेंटीमीटर अंतराने निघालेले दोघे कायम १ सेंटीमीटरवरच राहतात.

आता नियम बदला: ठरलेल्या खुणेपासूनचं अंतर दर पायरीला दुप्पट करायचं, पूर्ण फेऱ्या सोडून द्यायच्या. तेच दोघे १५ पायऱ्यांनंतर सुमारे ३२८ मीटर लांब! ठरावीक बारकाईने बघितलं तर वेगळे ओळखू येणारे प्रवास किती, ही संख्या दर पायरीला साधारण दुप्पट होते. या वाढीचा घातांकी दर म्हणजे टोपोलॉजिकल एन्ट्रॉपी. इथे ती लॉग २, रोटेशनला शून्य. (१९६५ मधली ॲडलर, कॉनहाइम, मॅकअँड्रू यांची मूळ व्याख्या मुक्त आवरणांची आहे, प्रवास मोजायची रीत नंतर डिनाबर्ग आणि बोवेन यांनी दिली.)

उलटं म्हणाल तर तेही फसतं. तसंच तळं पोलादपुरातही आहे असं माना, दोन्हीकडे दुपटीचाच नियम. एन्ट्रॉपी लॉग २, पण महाडचा माणूस पोलादपूरला कधीच पोचत नाही, हायवे असूनही.

मला खरी गंमत वाटते ती रेषाखंडाची. महाड-पोलादपूर रस्ता सरळ समजा, दोन्ही टोकांसकट. त्यावरचा संतत नियम ट्रान्झिटिव्ह असेल तर एन्ट्रॉपी किमान अर्धा लॉग २ असतेच. का? रस्ता कुठेही दुमडला नाही, तर नियम एकतर चढता किंवा उतरता. तो दोनदा लावला की चढताच. मग दर दुसरी जागा एकाच दिशेने सरकत एका बिंदूशी जाऊन थांबते, सगळीकडे पोचणार कशी? म्हणजे दुमडणं भाग आहे. वर्तुळावर ती सक्ती नाही, गोल फिरून परत येता येतं. दुमडण्यातून नेमका अर्धा लॉग २ कसा निघतो, ते ब्लोख यांचं काम, पुढच्या वेळी बघू. तोवर वर्तुळावर हाच युक्तिवाद नेमका कुठल्या शब्दाशी अडतो, ते वहीत लिहून बघा.