स्टॉलवरून हरवलेला फेब्रुवारीचा अंक

फेब्रुवारीत अमेरिकेच्या उत्तरेकडील शहरांत कडाक्याची थंडी असते. बेसबॉलचा हंगाम सुरू व्हायला अजून पाच-सहा आठवडे बाकी असतात. तरीही काही वर्षांपूर्वीपर्यंत याच दिवसांत तिथल्या पुस्तकांच्या दुकानांत, विमानतळांवर आणि किराणा दुकानांतल्या मासिकांच्या मांडणीवर एका खास प्रकारचे अंक दिसत. मुखपृष्ठावर एखादा नावाजलेला फलंदाज, आत शेकडो खेळाडूंच्या याद्या आणि प्रत्येक नावापुढे डॉलरमधला एक आकडा. हे होते ‘फँटसी बेसबॉल’चे वार्षिक अंक. ते वर्षातून एकदाच निघत. आज त्यांतले बरेचसे बंद पडले आहेत आणि जे उरले आहेत ते शोधावे लागतात.

आपल्या घरांत बेसबॉल कोणी खेळत नाही. मग या अंकांची गोष्ट आपण का वाचावी? कारण ज्या खेळासाठी हे अंक निघत, त्याचाच क्रिकेटमधला अवतार गेली काही वर्षे आपल्या मुलांच्या मोबाईलवर होता. कागदावरचा खेळ मोबाईलवर गेला तेव्हा त्याचे नेमके काय झाले, हे प्रत्येक आई-वडिलांनी समजून घेण्यासारखे आहे.

जेवणाच्या टेबलावर जन्मलेला खेळ

हा खेळ कसा चालतो ते आधी पाहू. दहा-बारा मित्र एकत्र येतात आणि प्रत्येकजण एका काल्पनिक संघाचा मालक होतो. प्रत्येकाला २६० डॉलरची मर्यादा असते. तेवढ्यात लिलावातून २३ खरे खेळाडू घ्यायचे. एकाने घेतलेला खेळाडू दुसऱ्याला मिळत नाही. मग खऱ्या सामन्यांत ते खेळाडू जशी कामगिरी करतील, तसे त्यांच्या मालकाला गुण मिळतात. अमेरिकेत प्रत्येक संघ हंगामात १६२ सामने खेळतो, त्यामुळे निकाल लागायला सहा महिने लागतात.

या खेळाचे मूळ १९६० सालापर्यंत जाते. त्या वर्षी विल्यम गॅमसन या समाजशास्त्रज्ञाने बोस्टनमध्ये आपल्या सहकाऱ्यांसोबत असाच एक साधा खेळ सुरू केला आणि त्याला ‘नॅशनल बेसबॉल सेमिनार’ असे भारदस्त नाव दिले. गॅमसन पुढे मिशिगन विद्यापीठात गेले, तेव्हा खेळही त्यांच्याबरोबर गेला. तिथले एक प्राध्यापक रॉबर्ट स्क्लार तो खेळू लागले आणि त्यांच्याकडून तो डॅनियल ऑक्रेंट या विद्यार्थ्याच्या कानावर आला.

ऑक्रेंट पुढे लेखक आणि संपादक झाले. १९७९ च्या अखेरीस टेक्ससला जाताना विमानात त्यांनी या खेळाचे नवे नियम लिहून काढले. १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागातील ‘ला रोटिसरी फ्रान्सेझ’ या हॉटेलात जेवताना त्यांनी ते मित्रांना समजावून सांगितले. रोटिसरी म्हणजे कोंबडी सळईवर फिरवत भाजण्याची शेगडी. हॉटेलच्या नावावरून खेळाचेही नाव ‘रोटिसरी बेसबॉल’ पडले. या मित्रांत लेखक, पत्रकार आणि प्रकाशन व्यवसायातली माणसे होती. म्हणजे छापील शब्दावर पोट असणाऱ्या लोकांनीच हा खेळ घडवला.

त्याचा प्रसारही कागदानेच झाला. मे १९८१ मध्ये ‘इनसाइड स्पोर्ट्स’ मासिकात ऑक्रेंट यांनी या खेळावर लेख लिहिला. १९८४ मध्ये नियमांचे पुस्तक निघाले. गावोगावी लोकांनी ते वाचून आपापले गट सुरू केले.

अंकात काय असे?

लिलावाला बसायचे तर तयारी हवी. कोणता खेळाडू किती किमतीचा? कोणाचा खांदा दुखावला आहे? कोणता नवखा पोरगा यंदा चमकेल? या प्रश्नांची उत्तरे फेब्रुवारीच्या अंकात असत. मागच्या काही वर्षांचे आकडे, पुढच्या हंगामाचा अंदाज, जागेनुसार याद्या आणि लिलावात पुढे ठेवायला फाडून घेता येईल असे एक पान. लोक त्या पानांवर पेनाने खुणा करत, किमती खोडत, समासात नावे लिहीत.

बेसबॉलच्या वार्षिक अंकांची परंपरा तर त्याहून जुनी आहे. ‘द स्पोर्टिंग न्यूज’ हे साप्ताहिक १८८६ मध्ये सेंट लुईस शहरात सुरू झाले आणि पुढे त्याला ‘बेसबॉलचे बायबल’ म्हटले जाऊ लागले. ‘स्ट्रीट अँड स्मिथ’चा बेसबॉल वार्षिकांक १९४० च्या दशकाच्या सुरुवातीपासून निघत होता. १९८० नंतर खेळाडूंच्या किमती सांगणारे नवे अंक या जुन्या रांगेत येऊन बसले.

हंगाम सुरू झाला की हिशेबही कागदावरच होई. १९८२ मध्ये ‘यूएसए टुडे’ हे दैनिक निघाले. त्यात प्रत्येक सामन्याचा सविस्तर धावफलक असे. गटातला एखादा हौशी माणूस तो समोर ठेवून दर आठवड्याला सर्वांचे गुण मांडत बसे. काही गट हे काम पैसे देऊन बाहेर करून घेत आणि गुणतक्ता टपालाने येई. तो येईपर्यंत वाट पाहण्याशिवाय इलाज नसे.

छापायला गेलेला अंक आणि धावणारी बातमी

या अंकांची एक अडचण पहिल्यापासून होती. फेब्रुवारीत स्टॉलवर यायचे तर मजकूर डिसेंबर-जानेवारीतच छापखान्यात द्यावा लागे आणि खेळाडूंची अदलाबदल तर त्यानंतरही चालूच राही.

२००४ चे उदाहरण घ्या. त्या काळातला सर्वांत महागडा खेळाडू अॅलेक्स रॉड्रिग्ज टेक्ससच्या संघात ‘शॉर्टस्टॉप’ या जागेवर खेळत होता. फेब्रुवारीच्या मध्यावर तो अचानक न्यूयॉर्क यांकीज संघात गेला आणि तिथे त्याची जागाही बदलून ‘थर्ड बेस’ झाली. या खेळात कोणता खेळाडू कोणत्या जागेवर खेळतो यावर सगळे गणित असते. आधीच छापून झालेल्या याद्या एका दिवसात जुन्या झाल्या.

२०१९ मध्ये मॅनी मचाडो आणि ब्राइस हार्पर या दोन मोठ्या खेळाडूंचे तीस-तीस कोटी डॉलरच्या घरातले करार फेब्रुवारीच्या उत्तरार्धात ठरले. २०२० मध्ये कोविडमुळे हंगाम जुलैच्या अखेरीस सुरू झाला आणि १६२ ऐवजी ६० सामन्यांचा झाला. डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात मालकांनी टाळेबंदी केल्यामुळे करारच थांबले होते. अशा वेळी छापील अंकाने काय सांगायचे?

पूर्वी ही अडचण सगळ्यांसाठी सारखी होती. इंटरनेट आल्यावर ती फक्त कागदाची राहिली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस हा खेळ संगणकावर फुकट खेळता येऊ लागला. गुण आपोआप मोजले जाऊ लागले, याद्या तासातासाला बदलू लागल्या. वर्षातून एकदा निघणारा अंक विकत घेण्याचे कारणच उरले नाही.

अंक पोहोचवणारे ट्रक थांबले

दुसरा घाव वितरणावर पडला. अमेरिकेत मासिके दुकानांत पोहोचवण्याचे काम मोठे घाऊक वितरक करतात. न विकलेले अंक परत येतात आणि तो तोटा प्रकाशकाला सोसावा लागतो. २००९ मध्ये ‘अँडरसन न्यूज’ या बड्या वितरकाने काम थांबवले. २०११ मध्ये ‘बॉर्डर्स’ ही पुस्तकांच्या दुकानांची साखळी बंद पडली. २०१४ मध्ये ‘सोर्स इंटरलिंक’ या आणखी एका मोठ्या वितरकाने हा व्यवसाय सोडला. वर्षभर निघणारे मासिक असे धक्के कसेबसे पचवते. वर्षातले सहा-आठ आठवडेच विकला जाणारा अंक कुठून पचवणार?

मोठी नावेही टिकली नाहीत. २००६ नंतर ‘स्ट्रीट अँड स्मिथ’चे वार्षिकांक ‘स्पोर्टिंग न्यूज’मध्ये विलीन झाले. खुद्द ‘स्पोर्टिंग न्यूज’ने १२६ वर्षांनंतर, २०१२ च्या अखेरीस छपाई थांबवली. ‘ईएसपीएन’चे मासिक २०१९ मध्ये बंद झाले.

मर्यादा गेली

इथपर्यंतची गोष्ट आपल्या ओळखीची आहे. कितीतरी मासिके अशीच गेली. पण इथे अंकाबरोबर आणखी काहीतरी गेले.

कागदाचा खेळ संथ होता. वर्षातून एक अंक, एक लिलाव, सहा महिने वाट. समोर बसलेले सगळे ओळखीचे. जुन्या खेळातही पैसे होते, हे लपवण्याचे कारण नाही. ऑक्रेंट आणि त्यांचे मित्रही वर्गणी काढत आणि जिंकणारे ती वाटून घेत. पैसे लावून खेळलेला डाव मित्रांतला असला तरी डावच असतो आणि तो आपल्याकडे चालत नाही. पण त्या डावाला निदान सुरुवात होती, शेवट होता आणि रोज रात्री नव्याने पैसे लावायची सोय नव्हती.

२००९ मध्ये ‘फॅनड्युएल’ आणि २०१२ मध्ये ‘ड्राफ्टकिंग्ज’ या कंपन्या निघाल्या. त्यांनी सहा महिन्यांचा हंगाम एका दिवसावर आणला. आज संघ निवडा, आज पैसे भरा, आज रात्री निकाल. उद्या पुन्हा. समोर मित्र नाहीत, हजारो अनोळखी माणसे. २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या महाधिवक्त्यांनी याला बेकायदा जुगार ठरवले, पण पुढच्याच वर्षी त्या राज्याने कायदा करून परवानगी दिली. २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने खेळांवरील सट्ट्याची देशव्यापी बंदी उठवली आणि याच दोन कंपन्या तिथल्या सर्वांत मोठ्या सट्टा कंपन्यांमध्ये जाऊन बसल्या.

आपल्या घरापर्यंत

हाच खेळ क्रिकेटचे कपडे घालून आपल्याकडे आला. ‘ड्रीम११’ ही मुंबईची कंपनी २००८ मध्ये सुरू झाली आणि २०२० मध्ये आयपीएलची मुख्य प्रायोजक बनली. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही हा कौशल्याचा खेळ असल्याचे म्हटले होते. अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या सर्व ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, मग ते नशिबाचे असोत वा कौशल्याचे. त्यानंतर ‘ड्रीम११’ने पैशांच्या स्पर्धा बंद केल्या.

कायदा झाला म्हणून प्रश्न संपला असे नाही. जुगार हराम आहे हे आपल्या घरातल्या लहान मुलालाही माहीत असते. पण कॉलेजात जाणारा मुलगा म्हणतो, “अब्बा, हा जुगार नाही, यात डोकं लागतं.” त्याचे अर्धे म्हणणे खरे आहे. डोके लागते, म्हणून तर अमेरिकेत त्यासाठी जाडजूड अंक निघत होते. पण डोके लागते म्हणून लावलेला पैसा निर्दोष होत नाही, हे उरलेले अर्धे त्याला शांतपणे सांगावे लागते. नुसते रागावून मोबाईल हिसकावला तर तो दुसरीकडे खेळेल.

त्यापेक्षा एक करून पाहा. पुढच्या स्पर्धेच्या आधी घरातल्या सगळ्यांनी, अगदी दादी आणि धाकट्या मुलीनेही, आपापले अकरा खेळाडू वहीच्या एका पानावर लिहावेत. पैसा एकही नाही. स्पर्धा संपेपर्यंत संघ बदलायचा नाही. दर रविवारी वर्तमानपत्रातले धावफलक समोर घेऊन गुण मांडायचे काम मुलाकडे द्या. खेळाची जाण, आकडेमोड आणि वाट पाहण्याची सवय या तीनही गोष्टी त्या फेब्रुवारीच्या अंकात होत्या. अंक गेला, पण त्या वहीच्या एका पानावर आजही मावतात.