कॅप बसवल्यावरही दाढ दुखते तेव्हा

आई तीन आठवडे डाव्या बाजूनेच जेवत होती. उजवीकडच्या खालच्या दाढेला नवी कॅप बसवली होती आणि भाकरीचा तुकडा चुकून त्या बाजूला गेला की तिचा चेहरा कसनुसा व्हायचा. विचारलं की उत्तर ठरलेलं, "नवीन आहे ना, बसेल हळूहळू. नवी चप्पल नाही का चावत?" शेवटी मीच तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी वरच्या-खालच्या दातांमध्ये एक पातळ रंगीत कागद धरला, चावायला सांगितलं, कॅपवर जिथे गडद ठिपका उमटला तेवढीच जागा घासली आणि गुळगुळीत केली. दहा मिनिटंही लागली नाहीत. चार दिवसांत आई दोन्ही बाजूंनी जेवू लागली. पण ते तीन आठवडे तिने उगाच सोसले, याची हळहळ अजून वाटते.

चप्पल रुळते, कारण चामडं सैल पडतं. धातूची किंवा झिर्कोनियाची कॅप सैल पडत नाही. दात जबड्याच्या हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये साधारण 0.2 मिलिमीटर जाडीचा तंतूंचा थर असतो आणि दात त्याच्यावर तोललेला असतो. हा थर दाबाच्या बाबतीत कमालीचा हळवा असतो. भातातला बारीकसा खडा दाताखाली येताच कळतो, तो याच थरामुळे. नवी कॅप केसभर उंच राहिली, तरी प्रत्येक घासाला तो एकच दात बाकीच्यांच्या आधी टेकतो आणि सगळा भार स्वतःवर घेतो. दिवसभर असा मार बसला की तंतू सुजतात, दाढ ठणकू लागते, आणि सुजेमुळे दात किंचित वर उचलला जाऊन आणखीच उंच लागतो.

मग डॉक्टरांना हे बसवतानाच कसं कळलं नाही? त्या वेळी जबडा बधिर असतो, तोंड बराच वेळ उघडं राहून थकलेलं असतं आणि आपण खुर्चीत आडवे असतो. अशा अवस्थेत 'बरोबर लागतंय का' या प्रश्नाला आपण जे 'हो' म्हणतो, त्याला फारसा अर्थ नसतो. बधिरपणा उतरल्यावर घरी ताठ बसून दात मिटून बघावेत. तो दात आधी टेकतोय असं वाटलं, तर दुसऱ्याच दिवशी फोन करावा. डॉक्टरांना वाईट वाटेल, आपण कटकट करतोय असं वाटेल, हा संकोच बाजूला ठेवावा. चाव जुळवणं हा कॅपच्या कामाचाच भाग आहे.

दुसरा समज याहून पक्का रुजलेला आहे. "रूट कॅनाल करून नस काढून टाकली, आता दुखेलच कसं?" रूट कॅनालमध्ये दाताच्या आतला जिवंत भाग काढतात. मुळाभोवतीचे तंतू, हाड आणि हिरडी यांच्या संवेदना जशाच्या तशा राहतात. म्हणून अशा दाताला गार-गरम कळत नाही, पण चावताना दुखू शकतं. उपचारानंतरचे काही दिवस थोडं दुखणं अपेक्षितच असतं. महिन्यांनंतरही चावताना कळ येत असेल किंवा हिरडीवर पुळी येऊन तिच्यातून पू येत असेल, तर आत जंतुसंसर्ग उरलाय किंवा मुळाला उभी चीर गेलीय, अशी शंका घ्यावी लागते. वरच्या पहिल्या मोठ्या दाढेत तर बऱ्याचदा चौथी, अतिशय अरुंद नलिका असते आणि ती सापडली नाही, तर दुखणं मागे राहतं. असा दात अनेकदा पुन्हा रूट कॅनाल करून वाचतो. मुळाला उभी चीर असेल, तर मात्र तो सहसा काढावाच लागतो. त्या वेळी 'वरची दाढ काढली की नजर जाते' या भीतीने कुणी मागे फिरू नये. दातांची संवेदना मेंदूकडे नेणारी नस वेगळी आणि दृष्टीची नस वेगळी. दाढ काढल्याने नजर अधू होत नाही.

कॅप म्हटलं की आधी रूट कॅनाल हवंच, असंही नाही. दाताची नस निरोगी असेल, तर ती तशीच ठेवून कॅप बसवता येते. अशा जिवंत दाताला पहिले काही दिवस गार पाणी लागलं तर घाबरू नये. कॅपसाठी दात सगळीकडून साधारण 1 ते 2 मिलिमीटर घासावा लागतो. त्यामुळे वरचं कठीण आवरण जातं आणि आतला थर उघडा पडतो. या थरात एका चौरस मिलिमीटरमध्ये हजारो सूक्ष्म नळ्या असतात. गार लागलं की त्यांच्यातला द्रव हलतो आणि सणक थेट नसेपर्यंत पोचते.

इथे लक्ष ठेवायचं ते सणक किती वेळ टिकते याकडे. गार पाणी प्यायलं, झिणझिणलं आणि काही सेकंदांत थांबलं, दर आठवड्याला कमी होत गेलं, तर नस सावरतेय. चहाच्या घोटाने कळ आली आणि कप खाली ठेवला तरी ती ठसठसत राहिली, किंवा दाढेने रात्री झोपेतून उठवलं, तर नस सावरण्यापलीकडे गेली असण्याची शक्यता मोठी. मग रूट कॅनाल लागतं. पुष्कळदा ते कॅपला वरून छोटं छिद्र पाडून करता येतं, त्यामुळे कॅपचे पैसे वाया गेलेच असं समजू नये. अशा वेळी "डॉक्टरांनी चांगला दात बिघडवला" हा राग समजण्यासारखा आहे. पण खोल कीड किंवा जुनं मोठं सिमेंट असलेल्या दाताची नस बऱ्याचदा आधीच काठावर असते. ही शक्यता डॉक्टरांनी कॅपआधी सांगायला हवी आणि आपणही विचारायला हवी.

आता हिरडी. माप घेताना हिरडी बाजूला सारायला तिच्या कडेने बारीक दोरा दाबतात, इंजेक्शनही तिथेच टोचलेलं असतं. त्यामुळे ती तीन-चार दिवस दुखावलेली राहणारच. कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या केल्या की आराम पडतो. पण पंधरा दिवसांनीही हिरडी लाल, फुगलेली, हात लावताच रक्त येणारी असेल, तर 'माझ्या हिरड्याच नाजूक' म्हणून सोडून देऊ नये. कॅप चिकटवतानाचा सिमेंटचा कण हिरडीखाली राहिलेला असू शकतो. शेजारच्या दाताशी फट राहिली असेल, तर मटणाचा रेषा किंवा मेथीची काडी दर जेवणाला तिथेच अडकते. ती टाचणीने कोरू नये, फट दुरुस्त करून घ्यावी. कॅपची कडा हिरडीत फार खोल गेली असेल, तरी हिरडी सुजलेलीच राहते. हाडाच्या काठावर हिरडी दाताला चिकटलेली असते, त्या पट्ट्याची सरासरी उंची 1961 मध्ये मोजली गेली, ती सुमारे 2 मिलिमीटर भरली. कॅपची कडा या पट्ट्यात घुसली की शरीर ती सहन करत नाही.

रक्त येतं म्हणून त्या दाताला ब्रश लावणं बंद करणारे खूप जण मला भेटले आहेत. याने नुकसान वाढतं. कॅपला कीड लागत नाही हे खरं, पण तिच्या कडेखाली जो आपला दात आहे त्याला लागते, आणि ती वरून दिसत नाही. मऊ ब्रश आणि दातांमधून फिरवायचा धागा सर्वांत जास्त कॅपच्या कडेलाच लागतो. काही कॅपबरोबर वॉरंटीचं कार्ड मिळतं. ती हमी कॅपच्या साहित्याची असते, आतल्या दाताची आणि हिरडीची नसते. हिरडीजवळ काळसर रेघ दिसली की 'दात सडला' असं लोक म्हणतात. बहुतेकदा ती धातूवर पोर्सेलीन चढवलेल्या कॅपची आतली कडा असते, हिरडी खाली सरकल्यावर उघडी पडलेली. तरीही एकदा तपासून घ्यावी.

घरगुती उपायांपैकी लवंगेच्या तेलात तथ्य आहे. त्यातलं युजेनॉल दंतवैद्यही वापरतात. पण तेल थेट हिरडीवर ओतलं, तर ती भाजते आणि मूळ कारण जागच्या जागी राहतं. डोकेदुखीची गोळी दाढेशेजारी दाबून ठेवण्याचा उपाय तर कुणी करूच नये. अ‍ॅस्पिरिनने तिथली त्वचा पांढरी पडून सोलवटते. मिशरीबद्दल मला फार काळजी वाटते. दाढ दुखतेय म्हणून सुरू झालेली मिशरी दाढ थांबली तरी सुटत नाही, कारण ती तंबाखूच आहे आणि तोंडाच्या कर्करोगाला आमंत्रण आहे. औषधाच्या दुकानातून मागून आणलेलं अँटिबायोटिकही नसेच्या सुजेवर किंवा उंच कॅपवर चालत नाही. अमेरिकन डेंटल असोसिएशनने 2019 मध्ये हेच स्पष्ट केलं: निरोगी प्रौढ माणसाच्या बहुतेक दातदुखीत, दातावर उपचार लगेच मिळत असतील, तर अँटिबायोटिक देऊ नये. गालावर सूज, ताप, तोंड न उघडणं किंवा गिळायला त्रास असेल, तर मात्र वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. जबड्यात कळ आणि छातीवर दाब एकदम आला, तर दाढेचा विचार सोडून हृदयाची तपासणी करावी.

डॉक्टरांकडे जाण्याआधी एका कागदावर लिहून ठेवा: गाराने दुखतं, गरमाने, की चावल्याने? कळ किती वेळ टिकते? रात्री जाग येते का? त्या दिवशी सकाळी वेदनाशामक गोळी घेतली असेल, तर दातावर ठोकून किंवा बर्फ लावून केलेली तपासणी फसू शकते. गोळी घेतल्याशिवाय राहवलं नसेल, तर किती वाजता घेतली तेही त्याच कागदावर लिहा.