खोटे यकृत, खरा खांदा

पॉलिव्हिनाइल अल्कोहोलची पांढरी पूड पाण्यात घालून ९० अंश सेल्सिअसच्या आसपास सावकाश ढवळत राहायचे. घाई केली की गुठळ्या, जोर लावला की बुडबुडे. आणि पुढे सुई नेमकी बुडबुड्याच्या पोकळीत शिरणार. द्रावण स्वच्छ झाले की साच्यात ओतून उणे २० अंशांवर रात्रभर ठेवायचे. दुसऱ्या दिवशी वितळू द्यायचे, परत गोठवायचे. पाण्याचे स्फटिक होताना पॉलिमरच्या साखळ्या उरलेल्या चिंचोळ्या जागेत दाटतात आणि एकमेकींना धरतात. बर्फ वितळला तरी ती पकड सुटत नाही. पहिल्या फेरीनंतर हाताला खरवस लागतो. फेऱ्या वाढतील तसा तो घट्ट होत जातो.

मी पाहिलेल्या प्रयोगशाळेत या गोळ्याला सगळे ‘लिव्हर’च म्हणतात. गोल टोकाची दांडी त्यात ठरावीक खोलीपर्यंत दाबून तिथेच रोखून धरतात. जोराचा आलेख आधी चढतो, मग हळूहळू उतरतो; जिवंत ऊतीही दाबाखाली अशाच सैलावतात. फायब्रोस्कॅनवर निरोगी यकृताचा ताठरपणा साधारण २ ते ७ किलोपास्कल भरतो. गोळ्याला तिथवर आणायचे असते.

एवढा आटापिटा कशासाठी, ते शेजारच्या टेबलावर कळते. तिथे दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या सरावाची पेटी आहे. झाकणाच्या छिद्रांतून ५ मिलिमीटर जाडीची लांब अवजारे आत घालून एक तरुण डॉक्टर त्या लिव्हरला टाका घालते आहे. छिद्र टेकूचे काम करते, म्हणून मूठ डावीकडे नेली की आतले टोक उजवीकडे जाते. टेबल उंच असले की कोपर फाकते, खांदा वर चढतो. ट्रॅपिझियस स्नायूवर चिकटवलेले इलेक्ट्रोड तो ताण टिपतात. टेबल खाली घेऊन मूठ कोपराच्या पातळीला आणली, पडदा नजरेच्या किंचित खाली घेतला, की आलेखाची रेघ निवळते.

लिव्हर वाजवीपेक्षा घट्ट असते, तर सुई रेटावी लागली असती आणि त्या जोराचा दोष टेबलाच्या माथी गेला असता. फार मऊ असते, तर दोऱ्याने ते कापले असते. मग डॉक्टरचा हात बिचकत चालला असता. खोटे यकृत बिघडले की खऱ्या खांद्याचा आकडाही बिघडतो.

भारतातली पहिली लॅपरोस्कोपिक पित्ताशय शस्त्रक्रिया १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमतन उदवाडिया यांनी केली. या तंत्राने रुग्णाची जखम लहान झाली; मान-खांद्याचा भार मात्र शल्यविशारदाकडे आला. त्यातही अवजारांच्या मुठी बहुधा एकाच मापाच्या, आणि साडेसहा नंबरचा हातमोजा घालणाऱ्यांना त्या पेलायला अवघड. मूठ बदला म्हणायला आकडा हातात लागतो. नुसते ‘हात दुखतो’ म्हटले, तर उत्तर मिळते, ‘होईल सवय.’