बॅटरी भरलेली, होडी मात्र जागच्या जागी

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात दहा हजारांहून अधिक तळी आहेत. सुटीच्या दिवशी लहानशी होडी घेऊन तळ्यावर जायचे आणि गळाने मासे धरायचे, हा तेथील अनेकांचा छंद. गळ पाण्यात सोडून होडी अगदी सावकाश चालवत राहण्याच्या पद्धतीला ‘ट्रोलिंग’ म्हणतात. पेट्रोल इंजिनाच्या आवाजाने मासे बुजतात, म्हणून या कामासाठी होडीला विजेची छोटी मोटर लावतात. शेजारच्या नॉर्थ डाकोटा राज्यातील फार्गो येथे ओ. जी. श्मिट यांनी १९३४ साली मोटारगाडीच्या स्टार्टरपासून अशी मोटर बनवली. आजही अशा कित्येक मोटरी १२ व्होल्टच्या शिसे-आम्ल बॅटरीवर चालतात.

आता अशी कल्पना करू. दोन मित्र सकाळी बॅटरी पूर्ण भरून निघाले. संथ पाण्यात मोटर हळू वेगाने छान चालली. थोड्या वेळाने वारा सुटला आणि होडी पलीकडच्या काठाकडे वाहू लागली. मोटर पूर्ण वेगावर ठेवली, तर पंखा जेमतेम फिरू लागला. मोटर बंद करून व्होल्टमापकाने बॅटरीचा दाब पाहिला, तो १२.५ व्होल्ट! ‘म्हणजे बॅटरी ठीक आहे, मोटरच बिघडली,’ असा निष्कर्ष त्यांनी काढला. तो बरोबर आहे का?

बॅटरी, तारा, जोड आणि मोटर यांतून एकच प्रवाह जातो. वाटेत जेथे जेथे रोध असेल, तेथे तेथे थोडा विद्युतदाब खर्च होतो. किती खर्च होतो, हे ओहमचा नियम सांगतो: दाबातील घट म्हणजे प्रवाह गुणिले रोध. समजा, बॅटरीच्या खुंटीवरची पकड सैल झाली आहे आणि तिच्यावर पांढरा-हिरवा थर चढला आहे. या जोडाचा रोध फक्त ०.०५ ओहम धरू. हळू वेगात मोटर ८ अँपिअर प्रवाह घेते, तेव्हा जोडावर ०.४ व्होल्ट खर्च होतात. ते जाणवतही नाहीत. पूर्ण वेगात प्रवाह ४० अँपिअर झाला, की तोच जोड २ व्होल्ट गिळतो. शिवाय तेथे ८० वॅट उष्णता निर्माण होते, म्हणजे जोड चांगलाच तापतो. वारा नसताना होडी चालते आणि वारा सुटताच अडते, त्याचे हे कारण.

मग व्होल्टमापकाला हे का दिसले नाही? कारण त्याचा स्वतःचा रोध फार मोठा असतो. साध्या अंकीय मापकाचा रोध सुमारे एक कोटी ओहम असतो, म्हणून त्यातून जेमतेम एक मायक्रोअँपिअर प्रवाह जातो. एवढ्याशा प्रवाहाने खराब जोडावरही दाब पडत नाही. विश्रांती घेणारी बॅटरी मोजून ती किती भरली आहे याचा अंदाज येतो; ओझे पेलवेल की नाही, हे त्यावरून ठरत नाही. जुन्या बॅटरीचा अंतर्गत रोध वाढलेला असतो, तेव्हाही अशीच फसगत होते.

दोष शोधायचा तर मोटर चालू असतानाच मोजले पाहिजे. पंखा पाण्यात हवा, कारण हवेत त्याला ओझेच नसते. मापकाचे एक टोक बॅटरीच्या खुंटीवर आणि दुसरे त्याच खुंटीवरच्या तारेच्या पकडीवर टेकवावे. चांगल्या जोडावर वाचन जवळजवळ शून्य येते. तेथे एक-दोन व्होल्ट दिसले, तर चोर सापडला! मोटर बंद करून पकड काढावी, ब्रशने घासावी, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसून कोरडी करावी आणि घट्ट आवळावी. सोडा बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. आणि दुरुस्ती होईपर्यंत? मोटर हळू वेगावर ठेवून काठ गाठावा. वल्ही बरोबर असली तर उत्तमच. ज्यांनी ती घरी ठेवली, त्यांना वारा नेईल तिकडे जावे लागते.

आपल्याकडेही हे दृश्य अपरिचित नाही. जीपचे दिवे लागतात, पण किल्ली फिरवताच नुसता ‘टक’ असा आवाज येतो आणि दिवे मंदावतात. दिव्यांना थोडा प्रवाह पुरतो. स्टार्टरला शेकडो अँपिअर लागतात.

वर्गात हा प्रयोग सहज करता येईल. टॉर्चचा १.५ व्होल्टचा एक सेल, त्याला चालेल असा छोटा बल्ब, तारा आणि व्होल्टमापक घ्या. परिपथात पेन्सिलीच्या शिशाचा एक तुकडा जोडा. हा आपला ‘खराब जोड’. मापक बल्बच्या धारकावर लावा. बल्ब काढून मोजा, मग बल्ब बसवून मोजा. बल्ब नसताना वाचन सेलइतकेच येईल. बल्ब बसवताच ते खाली येईल आणि बल्बही मंद दिसेल. आता मापक शिशाच्या दोन टोकांना लावून ‘हरवलेला’ दाब कोठे गेला ते विद्यार्थ्यांनाच शोधू द्या. वाहनाची बॅटरी मात्र वर्गात वापरू नये. तिची टोके चुकून जोडली गेली, तर प्रचंड प्रवाह वाहतो. शिवाय ती भरताना हायड्रोजन वायू बाहेर पडतो.

शेवटी एक प्रश्न विचारा: होडीतल्या मित्रांचे मापक खोटे बोलत होते का? नाही. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्याने अचूक दिले होते. प्रश्नच चुकीच्या वेळी विचारला गेला होता.