भायखळ्याचे कैदी, मुंढव्याचा महारवाडा

मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झाले. जे. जे. रुग्णालयाला जोडलेले हे सरकारी महाविद्यालय. त्याचा गौरव सांगताना डॉ. हाफकिन यांचे नाव येते, आणि ते यायलाच हवे. १८९६ साली मुंबईत प्लेग पसरला तेव्हा याच महाविद्यालयात, एक कारकून व तीन शिपाई एवढ्या मनुष्यबळावर त्यांनी लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली.

मग पाळी आली भायखळा तुरुंगातील कैद्यांची. त्यांनी स्वखुशीने दंड पुढे केले, असे इतिहास सांगतो. तुरुंगातली स्वखुशी ती किती, हे आम्ही विचारणारच! लस टोचलेल्या कैद्यांत प्लेग कमी झाला, न टोचलेल्यांत जास्त. या हिशेबावर लस सिद्ध झाली. त्या कैद्यांची, त्या तीन शिपायांची नावे कोणाला ठाऊक आहेत?

आता पुण्याकडे पाहू. त्याच साली सावित्रीबाई फुले आणि डॉ. यशवंत हडपसरजवळ प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करीत होते. मुंढव्याच्या महारवाड्यातील आजारी मुलाला सावित्रीमाईंनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. त्यांनाही लागण झाली. १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. हाफकिननी लस टोचून घेतली त्याला बरोबर दोन महिने झाले होते.

वैद्यकीय विद्यार्थ्यांना हाफकिन शिकवता ना? मग त्याच तासाला हे कैदी आणि सावित्रीमाईही शिकवा, एवढीच आमची मागणी आहे.