खोटं दार, उलटे आटे!

जुनी गाडी नव्याने उभी करायला खोलली, की पहिला संशय आधीच्या मिस्त्रीवर जातो : हा उद्योग कोणी केला? पुष्कळदा उत्तर निघतं, खुद्द कारखान्याने! आणि त्या वेडेपणात पैशांचा नाहीतर टंचाईचा पक्का हिशोब दडलेला असतो. हे घ्या काही अस्सल नग.

बोल्ट फ्रेंच, डोकं इंग्रजी
एमजीच्या टी-मालिकेतल्या स्पोर्ट्स कारचं इंजिन खोला. बोल्टच्या डोक्यावर ब्रिटिश व्हिटवर्थ मापाचा पाना चपखल बसतो, पण आटे मेट्रिक! नवा बोल्ट आणायला जावं, तर आटे जुळले की डोकं जुळत नाही आणि डोकं जुळलं की आटे. या भानगडीचं मूळ कॉव्हेन्ट्रीत. पहिल्या महायुद्धात हॉचकिस या फ्रेंच कंपनीने तिथे कारखाना थाटला, तोही फ्रेंच यंत्रं घेऊन. 1923 मध्ये एमजीचे मालक विल्यम मॉरिस यांनी तो विकत घेतला. यंत्रं मेट्रिक आटे पाडणारी, बदलायची तर खर्च भारी. उलट इंग्लंडभरच्या गॅरेजांत पाने व्हिटवर्थचे. मग काढला तोडगा : आटे यंत्राच्या मर्जीचे, डोकं पान्याच्या मर्जीचं. ही खिचडी एमजीच्या इंजिनांत थेट 1955 पर्यंत शिजत राहिली.

न उघडणारं दार
अमेरिकेत बनलेल्या अनेक उघड्या फोर्ड मॉडेल टी गाड्यांत चालकाच्या बाजूला दार दिसतं, पण ते पत्र्यावर उमटवलेलं नुसतं चित्र! त्या बाजूला हँडब्रेकचा दांडा आडवा येतो, चालक उजवीकडून चढतो. मग खऱ्या दारावर खर्च कशाला? कॅनडातल्या मॉडेल टीला मात्र दोन्हीकडे खरी दारं. तिथल्या गाड्या उजव्या स्टिअरिंगच्या देशांतही जात. तेव्हा अमेरिकन टीचं दार गंजून अडकलंय असं समजून कटर चालवू नका.

स्टेपनीची पिचकारी
साठच्या दशकातल्या फोक्सवॅगन बीटलमध्ये काच धुणारं पाणी उडतं कशाने? स्टेपनीतल्या हवेने! पुढच्या बॉनेटखालच्या स्टेपनीतून एक नळी पाण्याच्या बाटलीला जोडलेली. पंप नाही, मोटर नाही. स्टेपनीच बसू नये म्हणून ठरावीक दाबाखाली व्हॉल्व्ह हवा तोडतो. पिचकारी मरगळली, तर आधी स्टेपनीत हवा भरा.

पळाल तर पुसेन
सुरुवातीच्या सिट्रोएन 2सीव्हीचे वायपर स्पीडोमीटरच्या केबलवर चालत. गाडी पळाली की वायपर पळे, गाडी रेंगाळली की तोही रेंगाळे. थांबलात तर हाताने फिरवा.

मागे जायलाही चार गिअर
1955 च्या मेसरश्मिट केआर200 या तीनचाकीत रिव्हर्स गिअरच नाही. इंजिन बंद करायचं, किल्ली आणखी आत दाबून फिरवायची, की टू-स्ट्रोक इंजिन उलट्या दिशेने सुरू! म्हणजे चारही गिअर मागे जायला मोकळे. मागे वळून बघत चौथा टाकायची छाती मात्र हवी.

सुटी-सुटी हेरल्ड
1959 च्या ट्रायम्फ हेरल्डला वेगळी चासी आणि वर बोल्टने जोडलेले बॉडीचे तुकडे. बाकीचे एकसंध बॉडीकडे वळत असताना ही उलटी चाल का? बॉडी बनवणारी फिशर अँड लडलो ही कंपनी प्रतिस्पर्धी बीएमसीने 1953 मध्येच गिळली होती. हाती आले तुकडे, तर तुकड्यांचीच गाडी. मद्रासला बनलेली आपली ‘स्टँडर्ड हेरल्ड’ याच घराण्यातली. मडगार्डांसकट अख्खं बॉनेट पुढे कलंडतं, त्यामुळे मिस्त्री तिच्यावर खूश.

डावीकडे उलटं
युद्धकाळातल्या विलीज जीपच्या डाव्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे; चाक फिरता फिरता ते सैल होऊ नयेत ही त्यामागची काळजी. विलीजच्या जीप स्वातंत्र्यानंतर मुंबईत महिंद्रांनी जोडायला घेतल्या. नेहमीच्या दिशेने जोर लावाल तर नट सुटायच्या ऐवजी आणखी आवळतो, आणि पान्यावर उभे राहिलात तर स्टडच तुटतो. म्हणून जुन्या जीपच्या डाव्या चाकाला हात घालण्याआधी स्टडवर इंग्रजी ‘एल’ कोरलाय का ते बघा. दिसला, तर पाना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने.